रात्री तीन वाजताचं मन

हल्ली कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अल्ट्रा म्हणजे दहा टक्के शरीर आणि नव्वद टक्के मन!" बोलणारा नुकताच ५० किलोमीटर पळून आलेला असतो, गळ्यात मेडल असतं आणि पुढ्यात मिसळ असते. (नाशकात रविवारी सकाळी पळणं हे मिसळीला जायचं निमित्त आहे, हे उघड गुपित आहे.) अशा वेळी माणूस आनंदाच्या भरात काहीही बोलतो, त्याला सगळं माफ. पंचाईत होते ती ऐकणाऱ्याची. नव्वद टक्के मन हे एकदा मान्य केलं की पुढचा हिशोब आपोआप येतो: ज्यानं रेस मध्येच सोडली, त्याचं मन कच्चं. आणि पंचविशी-तिशीत स्वतःचं मन कच्चं म्हणवून घ्यायला कोण तयार असतं?

ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. त्याहून जास्त पळालात की ती अल्ट्रा. मग ५० किमी, १०० किमी, १०० मैल, किंवा अंतराऐवजी वेळ ठरवून १२ तास, २४ तास. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही यातली पंढरी. डर्बन ते पीटरमारित्झबर्ग किंवा उलट, साधारण ८७ ते ९० किलोमीटर आणि मुदत १२ तासांची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुणे-मुंबई-नाशिकच्या नोकरदार मंडळींमध्ये हे वेड चांगलंच पसरलंय आणि त्यात आमची आयटीची जमात आघाडीवर आहे. दहा तास खुर्चीत बसणाऱ्यांना दहा तास पळावंसं का वाटतं हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

तर माझं म्हणणं असं, की ते नव्वद टक्केवालं वाक्य अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं धोकादायक आहे.

आधी खरं अर्धं. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं १६. एकदा त्यांना ९० मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसवून डोकं शिणवणारं, सतत लक्ष द्यावं लागणारं काम दिलं. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ नुसत्या डॉक्युमेंटरी दाखवल्या. दोन्ही वेळा त्यानंतर दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली. डॉक्युमेंटरी बघून आलेले सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणवून आलेले ६४०. गंमत म्हणजे हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात या फरकाचं कारण सापडेना. फरक पडला होता तो 'किती जड जातंय' या त्यांच्या स्वतःच्या जाणिवेत. शिणलेल्या डोक्याला तोच पेडल पहिल्यापासून जड वाटत होता, म्हणून 'बास आता' ही रेषाही लवकर आली. दिवसभर कॉलवर बसून संध्याकाळी गंगापूर रोडला पळायला गेलात आणि पाय शिशाचे वाटले, तर पायांना शिव्या देऊ नका. दुपारचं स्टेटस कॉल आठवा.

दुसरा प्रयोग याहून गमतीचा. २००४ साली इंग्लंडमध्ये काही सायकलपटूंना सुमारे तासाभराच्या टाइम ट्रायलमध्ये अधूनमधून कार्बोहायड्रेटच्या पाण्यानं चूळ भरायला दिली. गिळायचं नाही, थुंकून टाकायचं. तरीही साध्या पाण्याच्या चुळीपेक्षा वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारला. पोटात काहीच गेलं नाही, रक्तात साखर वाढली नाही, फक्त तोंडानं वर निरोप पाठवला की माल येतोय. आणि मेंदूनं त्या निरोपावर विश्वास ठेवून ब्रेक थोडा सैल सोडला!

टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकी शास्त्रज्ञानं या ब्रेकलाच 'सेंट्रल गव्हर्नर' असं नाव दिलं. त्याचं म्हणणं, थकवा ही स्नायूंची अवस्था कमी आणि मेंदूनं तयार केलेली भावना जास्त आहे. शरीराचं नुकसान होण्याआधी माणसानं थांबावं म्हणून मेंदू ती निर्माण करतो. या सिद्धांतावर शास्त्रज्ञांमध्ये भरपूर भांडणं आहेत, मार्कोरालाही तो पटत नाही. पण शेवटचा किलोमीटर आला की ज्याचा जीव चालला होता तोच माणूस स्प्रिंट मारतो, हे आपण दर रेसला बघतो. तेवढी ताकद होती तर मघाशी कुठे गेली होती? आमच्या भाषेत सांगायचं तर लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तो जळालेला नसतो, जळू नये म्हणून हळू झालेला असतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे नव्वद टक्के मन हे खरंच की! थांबा. प्रोसेसर वेग कमी करतो कारण तो खरंच जळू शकतो. ब्रेक आहे म्हणजे पुढे दरीही आहे. आणि आपले मोटिव्हेशनवाले नेमकं हेच विसरतात. त्यांच्या लेखी ब्रेक म्हणजे फक्त भीती, आणि भीतीवर मात केली की झालं.

डेव्हिड गॉगिन्सचे व्हिडिओ बघितले नसतील असा धावणारा आज मिळणं कठीण. अमेरिकन नौदलातला माजी सील कमांडो. २००५ साली जवळजवळ काहीही तयारी नसताना तो १०० मैल पळाला. त्यात पायाची हाडं मोडली, मूत्रपिंडं बंद पडायच्या बेताला आली, असं त्यानंच आपल्या पुस्तकात लिहिलंय. त्याच्या नावाशी जोडलेला 'चाळीस टक्क्यांचा नियम'ही प्रसिद्ध आहे: तुम्ही संपलो म्हणता तेव्हा तुमची फक्त ४० टक्के ताकद वापरलेली असते. हा आकडा कुणी कशानं मोजला? कुणीच नाही. तो आकडा नाहीच, ती घोषणा आहे. माणूस जिद्दीचा आहे यात शंका नाही. पण ज्या गोष्टीतून तो नशिबानं बाहेर आला ती पोस्टर बनून चोवीस वर्षांच्या पोरांच्या मोबाईलमध्ये फिरते, त्याचं काय करायचं?

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची एक डोंगरी रेस होती. १७२ धावपटू. सकाळी साधं वारं होतं, दुपारी डोंगरमाथ्यावर पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला, तापमान कोसळलं. जिथे हे झालं तो टप्पा उभ्या चढाचा होता आणि तिथे गाडी पोचत नव्हती. वाऱ्यापावसाचं जाकीट आयोजकांनी सक्तीचं केलं नव्हतं, त्यामुळे बरेचजण शॉर्ट्स आणि टी-शर्टवर होते. २१ जण गारठून गेले. त्यात लियांग जिंग होता, चीनमधला त्या काळातला नावाजलेला अल्ट्रा धावपटू. म्हणजे मनाच्या ताकदीत कमी पडणारा माणूस तो नक्कीच नव्हता. काहीजण अर्ध्यातून मागे फिरले आणि वाचले. एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. मोठा दोष आयोजकांचा, चौकशी होऊन कारवाईही झाली. तरी मला राहून राहून वाटतं, त्या डोंगरावर 'मागे फिरूया' हे वाक्य उच्चारायला 'पुढे जाऊया'पेक्षा कितीतरी जास्त मन लागलं असेल. त्या ताकदीची मेडलं नसतात.

आता घराजवळचं उदाहरण घेऊ. पळण्याचं नाही, सायकलचं आहे, पण मनाचा मामला तोच. 'रेस अॅक्रॉस अमेरिका', म्हणजे रॅम. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोपलात तरी चालूच. एकट्यानं करायची तर मुदत १२ दिवस, दोघांच्या टीमला ९. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती मुदतीत पूर्ण केली. मग २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ (लष्करात डॉक्टर, तेव्हा मुक्काम नाशिक) आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकट्यानं पूर्ण केली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. गोकुलनाथांना लागले ११ दिवस १८ तास, समर्थांना ११ दिवस २१ तास. बारा दिवसांतून उरले किती तास, बघा. आणि गोकुलनाथांचा हा दुसरा प्रयत्न होता, २०१६ ची रॅम त्यांना अर्धवट सोडावी लागली होती. बातम्यांत आपण २०१७ वाचतो. मला २०१६ जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे थांबले म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहू शकले.

पण रॅमबद्दल बोलताना 'एकट्यानं' हा शब्द जरा फसवा आहे. सायकलवर एकजण असतो, मागे गाड्या आणि माणसांचा ताफा असतो. काय खायचं, कधी खायचं, कुठे वळायचं, किती मिनिटं झोपायचं, सगळं ते ठरवतात. रात्री तर मागे गाडी असल्याशिवाय सायकल चालवायचीच नाही असा नियम आहे. स्लोव्हेनियाचा युरे रोबिच ही रेस पाचदा जिंकला. झोपेअभावी त्याला भास व्हायचे, रस्त्याकडेच्या पत्रपेट्या शत्रू वाटायच्या आणि तो सायकलवरून उतरून त्यांच्याशी भांडायला जायचा! कधी त्याला वाटे, बंदूकधारी मागे लागलेत. क्रू म्हणे, हो रे बाबा, लागलेत, चल जोरात. त्याच्या टीमची पद्धत अशी की ठराविक काळानंतर रोबिचनं फक्त पेडल मारायचे, विचार टीमनं करायचा. जगातला सगळ्यात कणखर मानला गेलेला हा माणूस आपलं मन रेसपुरतं सरळ दुसऱ्यांच्या ताब्यात देत असे. (२०१० मध्ये तो सराव करताना गाडीशी टक्कर होऊन गेला. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

इथे मला आपली दिंडी आठवते. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते, नाशिक, सिन्नर, पुढे अहिल्यानगर जिल्हा करत पंढरपूरला पोचते. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. चालणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बाया असतात, डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल. त्यांना कुणी मेंटल टफनेसचं वर्कशॉप दिलेलं नसतं. आपण श्रद्धा म्हणून विषय संपवतो. श्रद्धा आहेच, पण व्यवस्थाही आहे, तिच्याकडे बघा. कधी उठायचं, कधी निघायचं, कुठे विसावा, कुठे जेवण, कुठे मुक्काम, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. दिंडीचा क्रम ठरलेला. पावलाला टाळ-मृदंगाची लय आहे, म्हणजे वेगसुद्धा आपण ठरवायचा नाही. चालणाऱ्याला दिवसभरात निर्णय असे घ्यावेच लागत नाहीत. मार्कोराचा प्रयोग उलटा करून बघा: डोकं शिणवणारं काम काढून घेतलं की तेच पाय जास्त चालतात. आणि पंढरपूर किती राहिलं हे रोज कुणी मोजत नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर चालत येणाऱ्यांना विचारून बघा, "मावशी, गड अजून किती लांब?" उत्तर येतं, "आता पुढल्या गावाले च्या भेटी." गडाचं काही नाही, चहाचं उत्तर. अल्ट्रावाल्यांच्या पुस्तकांत हेच 'अंतराचे तुकडे करा' या नावानं, दोन प्रकरणं लावून सांगितलेलं असतं.

आता याच्या उलट्या टोकाचाही मोह असतो, की बघा आपली साधी माणसं काय काय करतात आणि तुम्ही हजारो रुपयांचे बूट घालून रडता. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवत असेल. ६ तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला, कसारा घाट उतरून सुमारे १८० किलोमीटर चालत १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर. हजारो माणसं, बरेचसे आदिवासी, म्हातारी माणसंही. तळपायाची सालं निघालेली, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ११ तारखेला दिवसभर चालून ते सायनजवळ सोमय्या मैदानावर पोचले आणि विश्रांती न घेता त्याच रात्री पुढे निघाले. का, तर सकाळी दहावीच्या पोरांचे पेपर होते, रस्ते अडायला नकोत. थकव्यानं माणूस स्वार्थी होतो असा माझा समज होता, या एका रात्रीनं तो बराच ढिला केला. पण त्या फोटोंखाली 'नेव्हर गिव्ह अप' लिहून फॉरवर्ड करणाऱ्यांचा मला राग आला होता, अजूनही येतो. ती माणसं स्वतःच्या मर्यादा तपासायला निघाली नव्हती. कसत असलेली वनजमीन नावावर नव्हती, कर्ज होतं, म्हणून निघाली होती. त्यांच्या पायाच्या फोडांवर आपलं प्रेरणेचं दुकान लावणं बरं दिसत नाही.

असंच एक फॉरवर्ड क्लिफ यंगचं. ऑस्ट्रेलियातला ६१ वर्षांचा बटाटे पिकवणारा शेतकरी, १९८३ मध्ये सिडनी ते मेलबर्न ८७५ किलोमीटरच्या रेसमध्ये उतरला आणि बाकीचे रात्री झोपत असताना तो पळत राहिला, म्हणून जिंकला. ५ दिवस १५ तास. इथपर्यंत खरं. फॉरवर्डमध्ये पुढे असतं की बिचाऱ्याला झोपायचं असतं हे माहीतच नव्हतं! छे हो. आदल्याच वर्षी त्यानं १००० मैलांचा विक्रम मोडायचा प्रयत्न केला होता आणि ५०० मैलांनंतर तो सोडून दिला होता. स्वतःला आणि मदतीच्या माणसांना अनुभव कमी पडला म्हणून. म्हणजे तो भोळा शेतकरी नव्हता, आधी एकदा थांबून शिकलेला धावपटू होता. ही गोष्ट जास्त चांगली आहे, पण फॉरवर्डला चालत नाही. असो.

मला विचाराल तर अल्ट्रामधलं मनाचं खरं काम रेसच्या आधी आठवडाभर, घरी, पोटभर जेवून, पंख्याखाली बसून करायचं असतं. रात्री तीन वाजता, सत्तर-ऐंशी किलोमीटर झाल्यावर जो माणूस तुमच्या कपड्यांत पळत असेल तो तुम्ही नसता. त्याला झोप अनावर झालेली असते, मळमळत असतं, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीचा निर्णय घेऊ शकतो. काही कारण नसताना खुर्चीत बसून रडत रेस सोडेल, किंवा सोडायलाच हवी तेव्हा हिरोगिरी करेल. म्हणून निर्णय त्याच्यावर सोडायचाच नाही. आम्ही प्रॉडक्शनला रिलीज करताना कुठल्या परिस्थितीत रोलबॅक करायचा हे आधीच लिहून ठेवतो, कारण रात्री सगळं पेटलेलं असताना 'अजून पाच मिनिटं बघू' म्हणणारा एकजण हमखास असतो. इथेही तेच.

कागदाच्या एका बाजूला ज्या कारणांसाठी थांबायचं नाही ती. कंटाळा, झोप (पंधरा मिनिटं आडवं व्हा, मग बघा), अन्नाचा वीट, विनाकारण रडू, साधे फोड, 'मी हे का करतोय' हा प्रश्न. हा प्रश्न सगळ्यांना पडतो, त्याचं उत्तर पहाटेपर्यंत द्यायचं नाही. उजाडल्यावर त्यातली अर्धी कारणं गायब होतात. दुसऱ्या बाजूला ज्यांच्यासाठी थांबायचंच, मग पुढचा टप्पा दोन किलोमीटरवर का असेना. छातीत दुखणं. लघवी कोलासारखी गडद होणं, म्हणजे स्नायू मोडून त्याचा भार मूत्रपिंडांवर येतोय. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल अशी दुखापत, किंवा लंगडल्याशिवाय पाऊल न पडणं. भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखणं, उलट्या, हातांच्या बोटांना सूज, कारण जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. थंडीनं हुडहुडी भरणं, आणि त्याहून वाईट म्हणजे गारठलेला असताना ती हुडहुडी अचानक थांबणं. साध्या प्रश्नाचं उत्तर न येणं, आज वार कोणता, तुझ्या बायकोचं नाव काय. आणि वेदनाशामक गोळ्या खाऊन हे सगळं झाकायचं नाही. अंगात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडांनाच गोत्यात आणतात.

हा कागद स्वतःच्या खिशात ठेवायचा नाही. क्रूकडे द्यायचा आणि शेवटचा शब्द त्यांचा हे आधी कबूल करायचं. क्रूसाठी माणूस निवडणं ही मात्र कला आहे. आईला नेऊ नका, ती पहिल्याच थांब्यावर "बास झालं, घरी चल" म्हणेल. जिगरी दोस्त नको, तो "चल रे, तू वाघ आहेस" म्हणत राहील आणि व्हिडिओ काढेल. ऑफिसमधला तो एक टेस्टर असतो ना, जो रिलीजच्या आदल्या रात्री शांतपणे "हे जाणार नाही" म्हणतो आणि कोणाच्या बापाला घाबरत नाही? त्याला न्या. जेवण, डिझेल आणि एक रात्रीची झोप, एवढं देणं लागतं.

आणि रात्रभर चालताना आपलं डोकं कसं वागतं हे एकदा बघायचंच असेल, तर एंट्री फी भरायच्या आधी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी करा. लहान फेरी सुमारे २० किलोमीटरची आहे. लोक रविवारी रात्रीच निघतात, लाखोंची गर्दी असते, पाऊस आणि चिखल तर ठरलेलाच. पुष्कळजण अनवाणी चालतात, पण बूट घालून गेलात तरी कोणी काही म्हणत नाही. टॉर्च आणि कोरडे मोजे तेवढे बरोबर घ्या.